तानाबाईंचा सहा ते सातचा तास

आमच्या बोरगाव मेघेच्या गल्लीत एक नियम आहे. कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. बाई बसलेली दिसली की तिच्याकडे काहीतरी देऊन टाकायचं. किल्ली, लेकरू, उन्हात घातलेल्या मिरच्या, काहीही. पुरुष बसलेला दिसला तर तो थकला असेल असं समजायचं. माझे सासरे लहानूबाबा दारासमोरच्या बाजेवर सकाळपासून रेडिओ कानाला लावून बसायचे. त्यांना उभ्या जन्मात कोणी किल्ली दिली नाही.

माझ्या सासूबाई तानाबाई रोज संध्याकाळी सहा ते सात डोळे मिटून बसायच्या. एवढंच त्यांना हवं होतं. दिवसातला एक तास. त्यासाठी त्या बाईला काय काय करावं लागलं ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं, आणि फिरलेल्या डोक्यानंच मी हे लिहिते आहे. सून सासूची आरती ओवाळायला बसली असं कोणी समजू नये. आरती ओवाळणाऱ्यांनी काय केलं ते पुढे येणारच आहे.

आई, म्हणजे सासूबाई, बावीस वर्षं वर्ध्यातल्या एका जिनिंगमध्ये कामाला होत्या. कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र असतं, त्याला रेचा म्हणतात. पाळी संपेपर्यंत त्याच्यावर हाताने कापूस लावत राहायचं. रेचा थांबत नाही म्हणून बाईनेही थांबायचं नाही. नाकातोंडात रुई जायची. घरी आल्या की आधी खोकला, मग राग. १९९३ साली मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. ताटं आपटायच्या. माझा नवरा प्रफुल्ल सरकारी कचेरीत कारकून झाला होता, तरी त्याच्यावर हात उगारायच्या. मी तर त्यांच्यासमोर पाणीसुद्धा आवाज न करता प्यायचे.

पंच्याण्णव साली जिनिंग बंद पडली. कामात खर्च होणारा राग आता दिवसभर घरातच राहू लागला. तेव्हा आमच्या बुद्धविहारातल्या बायांनी त्यांना नागपूरकडच्या एका दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला नेलं. गल्लीला दहा दिवस शांतता मिळावी म्हणून नेलं असावं, असा माझा तेव्हाचा अंदाज होता. तिथे दहा दिवस कोणाशी एक शब्द बोलायचा नसतो. बाबा म्हणाले, "तिसऱ्या दिवशी वापस येते पाह्य."

त्या अकराव्या दिवशी आल्या. पिशवी ठेवली, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "बावीस वर्षं मशीनच्या टायमानं श्वास घेतला वं, जागृती. आपला श्वास कसा असते ते मले मालूमच नोयतं."

दुसऱ्या दिवसापासून त्या बसू लागल्या. पहाटेचा तास नळाने खाल्ला, कारण आमच्याकडे पाणी पाच वाजता येतं आणि ते कोणाच्या ध्यानासाठी थांबत नाही. उरली संध्याकाळ. समोरच्या छपरीत, म्हणजे ओसरीत, सतरंजीची घडी घालायच्या, भिंतीपासून वीतभर पुढे बसायच्या आणि डोळे मिटायच्या. माळ नाही, मंत्र नाही, दिवा नाही. श्वास येतो, जातो, तेवढं बघायचं.

याने काय झालं ते मी सांगू शकते, कारण मी त्याच घरात होते. राग गेला नाही. पण हातापर्यंत पोचायच्या आधी तो त्यांना दिसायला लागला. एकदा माझ्या हातून सगळं दूध उतू गेलं, पाहुणे दारात असताना. आईंचा हात वर गेला. तो तसाच थोडा वेळ वर राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला, फडकं घेतलं आणि ओटा पुसायला लागल्या. मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाऊन रडले. त्या एका तासाची किंमत मला तेव्हापासून माहीत होती, आणि तरीही मी पुढे काय केलं ते ऐका.

गल्लीला दिसलं की तानाबाई सहा ते सात घरी असतात, बसलेल्या असतात आणि हातात काही काम नसतं. शेजारच्या कौशल्याबाईंनी एकदा त्यांना विचारलं, "डोळे मिटून तुमी करता काय?"

"श्वास पाह्यतो."

"मंजे काई नाई करत."

झालं. निकाल लागला. त्या दिवसापासून कौशल्याबाई बाजारात जाताना घराची किल्ली आमच्याकडे टाकू लागल्या. त्यांचं पाहून मागच्या ओळीतल्या बाया. कोणाचा गॅसचा सिलिंडर यायचा असायचा, कोणाचा दूधवाला, कोणाचे पापड पाटावर वाळत असायचे आणि कावळा यायची भीती असायची. आमचे लोकही काही कमी नव्हते. विहाराची चाबी आधी गुरुजींकडे असायची, ती आईंकडे आली, "तानाबाई त घरीच असते" म्हणून. ज्या विहारात बसायला शिकवतात त्याच विहाराची चाबी मागायला लोक तिला बसल्याजागी हलवायचे.

आणि मी? मी शाळेतून पाच वाजता यायचे, कुकर लावायचे आणि सांगायचे, "आई, तीन शिट्ट्या झाल्या का बंद करजा, मी भाजी घेऊन येतो." सात वर्षं. त्या बाईने श्वास मोजायचे की शिट्ट्या, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

आई कोणाला नाही म्हणायच्या नाहीत. मिटल्या डोळ्यांनीच हात पुढे करायच्या, किल्ली घ्यायच्या, मांडीखाली ठेवायच्या आणि पुन्हा श्वासाकडे जायच्या. कधी कधी त्या उठल्या की सतरंजीवर चार-पाच किल्ल्या पडलेल्या असत.

कौशल्याबाईंचे यजमान प्रभाकरराव. कोपऱ्यावर त्यांचं किराणा दुकान. ते रोज सकाळी तासभर पूजा करतात. घंटा वाजते, धूप होतो. त्या तासात त्यांच्या घरात मिक्सर लागत नाही, नातू रडला तर त्याला मागच्या अंगणात नेतात, दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर ताटकळत उभं राहतं आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. त्यांच्या पूजेशी माझं वैर नाही. माझं म्हणणं एवढंच की त्यांच्या मांडीखाली कोणी कधी किल्ली ठेवली नाही.

२००१ च्या दिवाळीनंतर जे व्हायचं ते झालं. कौशल्याबाईंची मुलगी अंजू माहेरी आली होती, तिचा दीड वर्षाचा मुलगा घेऊन. संध्याकाळी मायलेकी कापड घ्यायला वर्ध्याला निघाल्या. मूल झोपलं होतं. त्यांनी ते उचलून आणलं आणि आमच्या छपरीत आईंच्या शेजारी गोधडीवर ठेवून त्या निघून गेल्या. हाक मारली नाही, काही नाही. किल्ली ठेवावी तसं मूल ठेवलं. पोरगं जागं झालं, उठलं आणि चालत चालत मोठ्या रस्त्यावरच्या पानठेल्यापाशी पोचलं. पानठेलेवाल्याने त्याला उचलून बाकावर बसवलं, हातात चिक्की दिली. दहा मिनिटांत पत्ता लागला. लेकराला ओरखडा नव्हता.

पण गल्ली जमली. बायका, पुरुष, ज्यांचा संबंध नाही तेही. सगळ्यांच्या तोंडी एकच, "डोये मिटून बसली होती हे, लेकराकडं पाह्यलंच नाई." डोळे मिटून बसलेल्या बाईजवळ मूल ठेवणाऱ्यांचे डोळे कुठे होते, हे कोणी विचारलं नाही. तीन पावलांवर बाजेवर माझे सासरे होते, दोन्ही डोळे उघडे, हातात रेडिओ. त्यांनाही कोणी विचारलं नाही. आईंनी अंजूची माफी मागितली. हो, माफी मागितली. मी मध्ये बोलायला गेले तर प्रफुल्लने माझा हात दाबला.

मग प्रभाकररावांनी तोडगा काढला. ते माणूस चांगले आहेत, मनापासून बोलतात, म्हणून तर माझा राग जास्त. म्हणाले, "तानाबाई, तुमचं ध्यान लोकायले दिसत नाई, त्याच्यानं हे होऊन राह्यलं. एक फोटो लावा, उदबत्ती लावा, बसताना घंटी वाजवा. लोकायले समजलं पायजे ना, का बाई काई करून राह्यली."

प्रफुल्लला हे एकदम पटलं. दुसऱ्याच दिवशी बुद्धाचा मोठा फोटो आला, त्याच्याभोवती लुकलुकणारे हिरवे-लाल दिवे आले, पितळेची घंटा आली. पेंटरकडून पाटी करून आणली, 'ध्यान सुरू आहे, शांतता राखा.'

आई त्या घंटेकडे बघत राहिल्या. "मले घंटी काऊन पायजे बापा? श्वास त बिनघंटीचाच चालते."

"लोकायसाठी, आई."

"बरं, लाव."

घंटेने काम केलं. आठ दिवस एकही किल्ली आली नाही. आईंना सलग आठ तास मिळाले, आणि जेवताना त्या दोनदा हसल्या. मला वाटलं, सुटलो.

नवव्या दिवशी कौशल्याबाईंनी उंबऱ्यावर फुलं ठेवली. पंधरा दिवसांनी मागच्या ओळीतल्या एका बाईच्या मुलाला नोकरी लागली, आणि तिला आठवलं की मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिने आमच्या छपरीसमोर हात जोडले होते. पुढच्या गुरुवारी सात बायका. त्याच्या पुढच्या गुरुवारी वीस. नारळ, उदबत्त्या, लेकरांच्या पत्रिका. आई डोळे मिटून बसलेल्या आणि बाया ओळीने त्यांच्या पायावर डोकं ठेवताहेत. मांडी घातलेल्या बाईचे पाय सापडत नाहीत, तर गुडघा धरून हलवायच्या.

"माताजी, हिचं लग्न कधी जमन?"

आई डोळे उघडून सांगायच्या, "मले काय मालूम बाई? मी रेच्यावर कापूस लावत होतो."

त्यावर बाया एकमेकींकडे बघून मान डोलवायच्या. माताजी स्वतःला लपवतात म्हणे. कसं काय सांगायचं अशांना?

माझ्या आजेसासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली. घरातले सगळे देव-देव्हारे, अंगारे-धुपारे त्यांनी नदीत सोडले. त्यांच्याच सुनेच्या दारात आता नारळ फुटत होते. येणाऱ्यांत आमच्याही समाजाच्या बाया होत्या, त्यांना मी सोडणार नाही. आणि विहारातली मोठी माणसं उलट आईंनाच बोलून गेली, की तुमच्या घरी बुवाबाजी चालू झाली काय. जिने घंटा आणली नाही, नारळ मागितला नाही, कोणाला बोलावलं नाही, त्याच बाईला दोन्हीकडून ऐकावं लागलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

मी प्रफुल्लशी भांडले. तो म्हणाला, "लोक मान देऊन राह्यले, बिघडते काय?" त्याच्या कचेरीतल्या लोकांच्या बायकाही यायला लागल्या होत्या, त्याला चहाच्या टपरीवर लोक नाव घेऊन हाक मारत होते. त्याचं काही बिघडत नव्हतं. बिघडत होता तो तास. पूर्वी किल्ली तरी मुकाट्याने पडून राहायची.

एप्रिल महिन्यात एका संध्याकाळी आईंनी सतरंजी घातली नाही. साडेपाचला कापडी पिशवी घेतली, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "आता बस्स झालं बसणं. मी फिरून येतो." दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोज. सगळ्यांना बरं वाटलं. बाबा म्हणाले पाय मोकळे होतात, प्रफुल्ल म्हणाला तब्येतीला चांगलं. गुरुवारच्या बाया सातनंतर येऊ लागल्या. सात वर्षं बसणारी बाई एका दिवसात कशी सोडते, हे घरात कोणी विचारलं नाही. मी शिक्षिका आहे, पोरांना दिवसभर प्रश्न विचारते. मीही विचारलं नाही.

नोव्हेंबरमध्ये प्रफुल्लची बदली आष्टीला होणार असं ठरत आलं. आष्टी म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक, रोजचं जाणं-येणं शक्य नाही. ती थांबवावी म्हणून त्याने साहेबांना विनंती केली होती. आणि एका गुरुवारी, बरोबर सहा वाजता, साहेबांच्या बाई जीपमधून आमच्या दारात उतरल्या. त्यांच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं. मांडीवर नारळ घेऊन त्या आमच्या एकुलत्या एका खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, माताजींना भेटल्याशिवाय जाणार नाही.

प्रफुल्लचा चेहरा उजळला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "जाय, आईले घेऊन ये. ऑटो करजो. लवकर."

आई कुठे फिरायला जातात ते आम्हाला माहीत नव्हतं. पानठेलेवाल्याला माहीत होतं. "आजी त रोज एसटी स्टँडवर जातेत पायी. तुमाले मालूम नाई?"

वर्ध्याचं स्टँड गुरुवारी संध्याकाळी कसं असतं ते मी सांगायला नको. आर्वीची गाडी लागलेली, हिंगणघाटवाली सुटत असलेली, भोंग्यातून कोणालाच न कळणारी घोषणा. आत पंख्याखालच्या सिमेंटच्या बाकावर आई बसल्या होत्या. एका बाजूला भाजीची रिकामी टोपली घेऊन पेंगणारी बाई, दुसऱ्या बाजूला पिशवीवर हात ठेवून बसलेला म्हातारा. आईंनी मांडी घातली होती, पाठ ताठ होती, डोळे मिटलेले होते. मी जवळ गेले तसा म्हातारा हळूच म्हणाला, "असू द्या बाई. गाडी लागली का उठवीन मी त्यायले."

मी तिथेच उभी राहिले. या बाईने बावीस वर्षं रुई गिळून बोरगावात दोन खोल्या बांधल्या. विटा स्वतः डोक्यावर वाहिल्या. नवरा, मुलगा, सून, सगळे त्या भिंतींच्या आत राहतात, खातात, झोपतात. आणि तिला स्वतःला तासभर बसायला जागा कुठे मिळाली, तर जिथे कोणाचंच घर नाही तिथे. मला त्या गल्लीची, त्या घंटेची, प्रफुल्लची, सगळ्यांची चीड आली. आणि एवढं सगळं कळूनही मी काय केलं? वाकून त्यांच्या खांद्याला हात लावला.

"आई, घरी चला. साहेबांच्या बाई आल्या."

त्यांनी डोळे उघडले. आधी समोरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा पंचवीस.

"तुमी रोज इथं बसता?"

"सात महिने झाले."

"घरी काऊन नाई बसत?"

"घरी मी सापडतो, जागृती. आधी रिकामी म्हून सापडत होतो, मंग देवी म्हून. इथं सारे आपापल्या गाडीची वाट पाहून राह्यले. कोणी कोणाले शोधत नाई. आज तुले सापडलो."

रागाने म्हणाल्या नाहीत. रागाने म्हणाल्या असत्या, जुन्यासारखं काही फेकून मारलं असतं, तर मला सोसलं असतं. त्यांनी पिशवी उचलली, पाय खाली सोडले आणि चपला शोधू लागल्या. निघाल्या होत्या. सात वर्षं हात पुढे करत आल्या तशाच.

मी चपला पायाने बाकाखाली ढकलल्या.

"बसा तुमी."

"अन् प्रफुल्लची बदली?" त्यांना सगळं माहीत होतं.

"होते त होऊ द्या. तुमचा राह्यलेला अर्धा तास पुरा करा."

"तसं नाई होत बाई. मोडला का पुन्हा पह्यलेपासून बसा लागते." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग पाय वर घेतले, मांडी घातली आणि डोळे मिटले. साडेसहा झाले होते. म्हाताऱ्याने आपली पिशवी सरकवून त्यांच्या गुडघ्याला जागा करून दिली.

मी घरी आले तेव्हा छपरी भरली होती. कौशल्याबाई होत्या, मागच्या ओळीतल्या बाया होत्या, मधोमध साहेबांच्या बाई. भिंतीवर बुद्धाच्या फोटोभोवती हिरवे-लाल दिवे लुकलुकत होते. त्या फोटोसमोर मी रोज सकाळी पंचशील म्हणते. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे, वर्गातल्या पोरांनाही मी ते शिकवते.

प्रफुल्ल दारातच उभा होता. "काय झालं? आई कुठं हायेत?"

"पूर्ण स्टँड पाह्यलं. नाई सापडल्या."

"रेल्वे स्टेशनवर पाह्यलं काय?"

"तिथंही पाह्यलं."

त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. त्याला काही कळलं की नाही मला माहीत नाही. साहेबांच्या बाई म्हणाल्या, "काही हरकत नाही, मी थांबते," आणि खुर्चीत मागे टेकून बसल्या. कौशल्याबाईंनी मला विचारलं, की तुझ्या सासूला काही सांगून जायची रीत आहे का नाही. मी म्हटलं, नाही, काही सांगून जात नाहीत, कुठे जातात कोणालाच माहीत नाही.

मग मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. घड्याळात सहा पन्नास झाले होते. आई साडेसहाला बसल्या होत्या. म्हणजे अजून चाळीस मिनिटं मला खोटं बोलत राहायचं होतं.